जपून खेळणाऱ्या क्वार्टरबॅकचं गणित

७ जानेवारी २००१, नॅशव्हिल. अमेरिकन फुटबॉलच्या बाद फेरीतल्या सामन्याचा चौथा क्वार्टर, म्हणजे शेवटचा टप्पा, चालू आहे. टेनेसी टायटन्सच्या एडी जॉर्जकडे एक साधा, जवळचा पास येतो. चेंडू त्याच्या हातात नीट बसत नाही, क्षणभर अंगाशीच घुटमळतो. तेवढ्यात बाल्टिमोर रेव्हन्सचा बचावपटू (लाइनबॅकर) रे लुईस तो त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतो आणि ५० यार्ड पळत जाऊन टचडाऊन करतो. त्याआधी थोड्याच वेळापूर्वी टायटन्सची एक फील्ड गोल किक अडवून अँथनी मिचेलने तोच चेंडू ९० यार्ड पळवत नेला होता. बाल्टिमोरने सामना २४–१० असा जिंकला.

आता त्याच सामन्याचा दुसरा हिशेब बघा. आक्रमणात टायटन्सनी ३१७ यार्ड काढले, बाल्टिमोरने १३४. बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, ट्रेंट डिल्फरने १६ वेळा चेंडू फेकला आणि फक्त पाच वेळा तो आपल्या माणसाच्या हातात पोचला. क्रिकेटमध्ये सांगायचं तर सलामीचा फलंदाज अर्धा डाव चाचपडत राहिला आणि सामना गोलंदाजांनी जिंकून दिला. तीन आठवड्यांनी हाच संघ सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, न्यूयॉर्क जायंट्सला ३४–७ असं हरवून विजेता झाला.

अमेरिकेत तेव्हापासून एक वाद कधी थांबलेलाच नाही. बचाव भक्कम असेल आणि क्वार्टरबॅकने नुसता चेंडू जपला, तर विजेतेपद मिळतं का? अशा खेळाडूला तिकडे ‘गेम मॅनेजर’ म्हणतात आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त असतो. मुंबईच्या खडूस फलंदाजीवर वाढलेल्या मला तो टोमणा कधीच पटला नाही. विकेट न फेकणं हेही कौशल्यच आहे. पण नुसतं मनाला पटणं पुरेसं नाही. इथे आकडे आहेत आणि ते बरंच काही बोलतात.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. ते जमलं की पुन्हा चार प्रयत्न. टोकाला पोचलं की टचडाऊन, त्याचे सहा गुण आणि वर किकचा एक. लांबून दोन खांबांमधून किक मारली तर फील्ड गोल, तीन गुण. तीन प्रयत्नांत काम झालं नाही, तर चौथ्यावर चेंडू लांब लाथाडून समोरच्यांच्या हवाली करायचा, याला पंट म्हणतात. आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू समोरच्या संघानेच झेलला, तर ते इंटरसेप्शन.

आता खरा प्रश्न असा की एका इंटरसेप्शनची किंमत किती? याचं पहिलं पद्धतशीर उत्तर एका क्वार्टरबॅकनेच दिलं. व्हर्जिल कार्टर आधी शिकागो बेअर्सकडून आणि मग सिनसिनाटी बेंगल्सकडून खेळला, आणि खेळता खेळता नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकत होता. तिथले प्राध्यापक रॉबर्ट मॅकोल यांच्यासोबत त्याने १९६९ च्या हंगामातल्या हजारो चाली संगणकावर तपासल्या आणि १९७१ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. मैदानावर अमुक ठिकाणी पहिला प्रयत्न हातात असेल, तर पुढचे गुण सरासरी कुणाला आणि किती मिळतात, असा त्यांचा प्रश्न होता. स्वतःच्या २५ यार्डांच्या रेषेवर, म्हणजे स्वतःच्या टोकापासून २५ यार्डांवर, ही किंमत जेमतेम पाव गुण निघाली. मैदानाच्या मध्यावर सुमारे दोन गुण. समोरच्यांच्या टोकापासून पाच यार्डांवर सहाच्या थोडी वर. आणि स्वतःच्या टोकाला अगदी खेटून असाल, तर किंमत चक्क उणे. म्हणजे चेंडू तुमच्या हातात असूनही पुढचे गुण समोरच्यांना मिळण्याची शक्यता जास्त.

या कोष्टकावरून हिशेब सोपा होतो. मध्यावर चेंडू तुमच्याकडे आहे, म्हणजे अधिक दोन. तिथेच तो हिरावला गेला, तर ते दोन समोरच्यांचे. फरक चार गुणांचा. तेच तुम्ही पंट मारून त्यांना त्यांच्या १५ यार्डांवर रेटलंत, तर तिथे त्यांची किंमत उणे अर्ध्याच्या आसपास. तुमचं नुकसान दीड गुणाच्या घरात. चेंडू दोन्ही वेळा गेलाच, पण एकदा चार गुणांना आणि एकदा दीडला.

इथे बचावाचा संबंध येतो, आणि मला तो या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. कोष्टकातले आकडे सरासरी संघांचे आहेत. तुमचा बचाव असामान्य असेल, तर समोरच्यांना त्यांच्या १५ यार्डांवर मिळालेला चेंडू आणखी कवडीमोल होतो. ते तीन प्रयत्नांत अडकतात, पंट मारतात आणि चेंडू तुम्हाला मध्याजवळ परत मिळतो. म्हणजे भक्कम बचावामुळे पंट जवळपास फुकट होतो. इंटरसेप्शनचं मात्र तसं नाही. समोरच्याने झेललेला चेंडू तिथूनच थेट टचडाऊनला नेला, तर तुमचा बचाव मैदानावर यायच्या आधीच गुण गेलेले असतात. धोका पत्करण्याचा फायदा घटतो, तोटा तसाच राहतो. अशा संघाने जपून खेळणं ही भित्रेपणाची खूण नव्हे, सरळ व्यवहार आहे.

याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूनेही बघता येतं. बिल जेम्स या विश्लेषकाने बेसबॉलसाठी एक सूत्र मांडलं होतं. संघाने केलेले आणि दिलेले गुण एवढ्यावरून त्याच्या विजयांचा अंदाज बांधायचा. बेसबॉलमध्ये दोन्ही आकड्यांचा वर्ग घेतात आणि त्यांच्या बेरजेत केलेल्या गुणांच्या वर्गाचा वाटा किती, ते बघतात. अमेरिकन फुटबॉलसाठी घात २.३७ ठेवला की ते चांगलं जुळतं. सूत्राची गंमत ही की त्यात वजाबाकी नाही, गुणोत्तर आहे. २००० च्या हंगामात बाल्टिमोरने १६ सामन्यांत ३३३ गुण केले आणि फक्त १६५ दिले. एवढे कमी गुण १६ सामन्यांच्या हंगामात दुसऱ्या कुठल्याच संघाने दिलेले नाहीत. २०१३ मध्ये पेटन मॅनिंगच्या डेन्व्हर ब्राँकोसने ६०६ गुण केले, हा लीगचा विक्रम, आणि ३९९ दिले. वजाबाकी केली तर डेन्व्हर पुढे, २०७ विरुद्ध १६८. पण सूत्रात घालून बघा. बाल्टिमोरचे अपेक्षित विजय साडेतेराच्या आसपास येतात, डेन्व्हरचे पावणेबाराच्या. कमी गुणांच्या सामन्यात प्रत्येक गुण महाग असतो. तीन गुणांची आघाडी १०–७ ला जेवढी मोलाची, तेवढी ३८–३५ ला नसते.

मग सगळ्यांनीच असं खेळावं का? बाल्टिमोरचाच त्या वर्षीचा ऑक्टोबर बघा. सलग पाच सामने त्यांच्या आक्रमणाला एकही टचडाऊन करता आला नाही. जॅक्सनव्हिलला मॅट स्टोव्हरच्या पाच फील्ड गोलवर ते १५–१० जिंकले, क्लीव्हलंडला १२–० हरवलं, आणि उरलेले तिन्ही सामने हरले. पाच सामन्यांत त्यांनी दिलेले गुण फक्त ४३, म्हणजे सामन्याला नऊसुद्धा नाहीत. केलेले ४२. बेचाळीस विरुद्ध त्रेचाळीसचं गुणोत्तर घेतलं तर निम्मे सामने जिंकायला हवेत, आणि साधारण तसंच झालं. इतिहासातला सर्वोत्तम बचावही शून्याला गुणून काही देऊ शकला नाही. त्या रांगेतल्या शेवटच्या सामन्यात संघाने टोनी बँक्सच्या जागी डिल्फरला आणलं. तो सामना गेला, पण नंतरचे सलग ११ त्यांनी जिंकले.

आणि हा डिल्फर सावध होता का? साखळी सामन्यांत त्याचे १२ टचडाऊन पास आणि ११ इंटरसेप्शन होते. याला कुणी जपून खेळणं म्हणणार नाही. बाद फेरीत मात्र ७३ वेळा चेंडू फेकून त्याने एकच गमावला. २०१५ चा मॅनिंगही तसाच. नऊ टचडाऊन, १७ इंटरसेप्शन, वय ३९, हातातलं बळ संपत आलेलं. लोक सावध क्वार्टरबॅकची उदाहरणं म्हणून ही नावं घेतात, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक सावधपणा, दुसरी मर्यादा. ही माणसं मर्यादित होती आणि बचावाने त्यांना खांद्यावर उचलून नेलं. मॅनिंगच्या बाबतीत तर हे फार ठळक दिसतं. २ फेब्रुवारी २०१४ ला, विक्रमी हंगामानंतर, तो सुपर बोलमध्ये सिएटल सीहॉक्सच्या बचावासमोर उभा राहिला. आपल्याकडे सोमवारची पहाट होती, चहाचं आधण चुलीवर होतं. पहिल्याच चालीला मॅनिंग सूचना देत पुढे सरकला, सेंटरने, म्हणजे चाल सुरू करताना चेंडू मागे देणाऱ्याने, तो मागे सोडला आणि तो मॅनिंगच्या डोक्याजवळून सरळ मागे गेला. चेंडू डेन्व्हरच्याच टोकाच्या पट्ट्यात अडला, म्हणून बाराव्या सेकंदाला सिएटलचे दोन गुण. शेवट ४३–८. दोन वर्षांनी तोच मॅनिंग १४१ यार्डांचे पास टाकून कॅरोलिनाविरुद्ध २४–१० असा जिंकला. डेन्व्हरने आक्रमणात एकूण १९४ यार्डच काढले, सुपर बोलच्या कुठल्याही विजेत्यापेक्षा कमी. डेन्व्हरच्या व्हॉन मिलरने कॅरोलिनाचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटनच्या हातून चेंडू उडवला, मलिक जॅक्सन टोकाच्या पट्ट्यात त्यावर पडला, टचडाऊन.

खऱ्या अर्थाने सावध क्वार्टरबॅक बघायचा तर अॅलेक्स स्मिथ. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून त्याने ४४५ वेळा चेंडू फेकला आणि पाचच गमावले. संघाने १३ सामने जिंकले, तीन हरले. नंतर कॅन्सस सिटीलाही त्याने वर्षानुवर्षं जिंकतं ठेवलं. पण १५ जानेवारी २०१७ ला पिट्सबर्गने त्यांना १८–१६ असं हरवलं, एकही टचडाऊन न करता, ख्रिस बॉसवेलच्या सहा फील्ड गोलवर. बचावाने याहून जास्त काय करायचं? साडेतीन महिन्यांत कॅन्सस सिटीने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वरचा क्रमांक मिळवून क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सला घेतलं, आणि त्याच्यासोबत २०१९, २०२२ आणि २०२३ च्या हंगामांची विजेतेपदं जिंकली. स्मिथबद्दल मला खरंच वाईट वाटतं. बाद फेरीतल्या एका सामन्यात त्याने चार टचडाऊन पास टाकले, एकही इंटरसेप्शन होऊ दिलं नाही, संघ ३८–१० असा पुढे होता, आणि तरी ४५–४४ ने हरला. तो दोष त्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

पण संघाचा निर्णय चुकला असंही म्हणता येत नाही, आणि त्यामागे संभाव्यतेचा साधा नियम आहे. जपून खेळलं की निकालातला चढउतार कमी होतो. तुम्ही वरचढ असाल तर चढउतार कमी झालेलाच बरा, कारण सरासरी तुमच्या बाजूने आहे. तुम्ही मागे असाल, तर तोच सावधपणा तुमची हार पक्की करतो. वरचढ संघांना साखळीत दुबळे प्रतिस्पर्धी भरपूर मिळतात, म्हणून स्मिथसारख्याची साखळी छान जाते. बाद फेरीत समोर बरोबरीचे किंवा सरस संघ येतात, आणि तिथे लांबचा पास टाकण्याचं धाडस नसेल तर हातात काही उरत नाही.

शिवाय सावधपणाचं दुर्मीळपणही संपलं आहे. जानेवारी १९७४ मध्ये मायामीचा बॉब ग्रीसी सुपर बोलमध्ये फक्त सात पास टाकून जिंकला होता. तेव्हा शंभर पासांत पाचेक इंटरसेप्शन होत. १९७८ मध्ये नियम बदलले. झेल घेणाऱ्याला पाच यार्डांपुढे धक्के मारायला बंदी आली, क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या त्याच्याच संघातल्या खेळाडूंना हात पसरून अडवायची मुभा मिळाली. त्यात प्रशिक्षक बिल वॉल्शने आखूड, अचूक पासांची शैली रुजवली. आज शंभरात दोन-सव्वादोन इंटरसेप्शन होतात. पूर्वी ज्याला सावध म्हटलं असतं, ती आता सगळ्यांची सरासरी आहे.

उरतो बचावाचा टिकाऊपणा. इथे विश्लेषकांना पुन्हा पुन्हा आढळलेली गोष्ट अशी की आक्रमणाची ताकद एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जितकी टिकते, तितकी बचावाची नाही. हिरावलेले चेंडू बऱ्याच अंशी नशिबाचे असतात. जमिनीवर सुटलेला चेंडू कुणाच्या हाती लागेल, हे जवळजवळ नाणेफेकीसारखं आहे. चांगला क्वार्टरबॅक दहा वर्षं चांगला राहू शकतो, पण बचावात अकरा माणसं लागतात, आणि संघाच्या एकूण पगारावर लीगने घातलेली मर्यादा त्यांना एकत्र राहू देत नाही. आणि बचाव टिकला तरी यश टिकतंच असं नाही. डेन्व्हरने विजेतेपदाच्या वर्षी २९६ गुण दिले, पुढच्या वर्षी २९७. बचाव तोच म्हणावा इतका सारखा. तरी विजय १२ वरून नऊवर आले आणि बाद फेरीही हुकली, कारण आधीच्या वर्षीचे काही विजय निसटत्या फरकाचे होते.

तरीही हा मार्ग बंद झालेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाने माहोम्सच्याच कॅन्सस सिटीला ४०–२२ असं हरवलं. त्यांचा क्वार्टरबॅक जॅलन हर्ट्सची त्या साखळीत पाचच इंटरसेप्शन होती, आणि संघाचा भर सॅक्वॉन बार्कलीच्या २००५ यार्डांच्या धावांवर होता. अंतिम सामन्यात त्यांच्या बचावाने जादा माणसं पुढे न धाडता, नुसत्या चौघांच्या दबावावर माहोम्सला सहा वेळा पाडलं. पण हर्ट्स मर्यादित नव्हता. दुसऱ्या अर्धात संधी दिसली तेव्हा त्याने डेव्होंटा स्मिथला ४६ यार्डांचा टचडाऊन पास टाकला. सावध माणूस योग्य वेळी लांब फेकू शकतो, मर्यादित माणसाला ते जमत नाही. मला हाच फरक महत्त्वाचा वाटतो.

बाल्टिमोरला मात्र २००१ मध्ये तो फरक नीट ओळखता आला नाही. विजेतेपदानंतर त्यांनी डिल्फरला सोडलं आणि अधिक जोरकस म्हणून एल्व्हिस ग्रबॅकला आणलं. ग्रबॅकचे १५ टचडाऊन पास आणि १८ इंटरसेप्शन झाले. धावणारा जमाल लुईस दुखापतीमुळे हंगामभर बाहेर होता. बहुतेक तीच माणसं असलेल्या बचावाने १६५ ऐवजी २६५ गुण दिले. संघ पिट्सबर्गकडून २७–१० असा हरून बाहेर पडला. डिल्फर त्या वर्षी सिएटलमध्ये राखीव होता. त्याला चार सामन्यांत सुरुवात करायला मिळाली आणि ते चारही सिएटलने जिंकले.