गाडी तुमची, ड्रायव्हर आमचा: बिअर फेस्टिव्हलला जाणाऱ्या ग्रुपसाठी माहितीपत्रक

पुण्यातल्या क्राफ्ट बिअर फेस्टिव्हलची तारीख जाहीर झाली की आमच्या ऑफिसात त्याच एका प्रश्नाचे फोन सुरू होतात. "शनिवारी पुण्याला जायचंय, पाच जण आहोत, ड्रायव्हर फक्त रात्रीपुरता मिळेल का?" ड्रायव्हर मिळेल. पण घोळ त्या 'फक्त रात्रीपुरता'मध्येच आहे. हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच छापलंय.

आम्ही नाशिकरोडला बसतो. आमच्या स्वतःच्या गाड्या नाहीत, ड्रायव्हर आहेत. तुमची गाडी घेऊन तुम्हाला नेणं आणि परत आणणं, एवढाच आमचा धंदा. लग्नं, हॉस्पिटल, एअरपोर्ट ही रोजची कामं. गेल्या काही वर्षांत त्यात मित्रमंडळींच्या बिअर-ट्रिपा वाढल्या. वाईनच्या गावातली माणसं बिअरसाठी दोनशे किलोमीटर का जातात, असं आमच्यातले जुने ड्रायव्हर अजून विचारतात. त्याला तसं कारण आहे. पुण्यात 2009 मध्ये डूलाली नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि जागेवरच बिअर बनवून तिथेच विकायची पद्धत आपल्याकडे तिथून रुजली. कोरेगाव पार्क, मुंढवा भागात आज अशा जागा बऱ्याच आहेत. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षं पिकतात म्हणून इकडे वाईन, तिकडे बिअर. भांडण काही नाही.

आधी सीटा मोजा

पाच मित्र, एक पाच सीटर गाडी, आणि आमचा ड्रायव्हर. मग सहावा कुठे बसणार? हसू नका, महिन्यातून एकदा तरी हे घडतं. सकाळी सहाला ड्रायव्हर दारात उभा आणि आत पाच जण आधीच बसलेले. पाच सीटरमध्ये मित्र चार, सात सीटरमध्ये सहा. सातव्या माणसाला मागे बॅगांवर बसवून आमचा ड्रायव्हर गाडी हलवणार नाही. अपघात झाला तर विमा कंपनी सर्वात आधी डोकीच मोजते.

सहापेक्षा जास्त असाल तर बारा किंवा सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. फक्त पाटी पिवळी बघून घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी ओळखीत भाड्याने देत असेल तर घेऊ नका, स्वस्त पडली तरी. ती धंद्याला वापरणं बेकायदा आहे आणि क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं.

आणि दोघंच असाल तर खरं सांगायचं तर आम्हाला बोलावू नका. नाशिक–पुणे थेट रेल्वेमार्ग नाही, पण एसटी भरपूर आहेत. त्यात बसा, तिकडे रिक्षा करा. आमच्या बिलात तुमच्या दोघांच्या तिकिटांपेक्षा जास्त पैसे जातील.

रविवार सकाळचा हिशोब

शनिवारी रात्री गाडी चालवायची नाही, हे आता सगळ्यांना पटलंय. न पटणारी गोष्ट रविवारची. "रात्री झोप झाली, नाश्ता केला, अंघोळ केली, आता मी एकदम ओके. ड्रायव्हरला एकाच दिवसाचे द्या." हा 'ओके' कसा असतो ते आकड्यांत मांडतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार मर्यादा आहे 100 मिलि रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. अर्ध्या लिटरच्या मगात 5 टक्क्यांची बिअर असेल तर त्यात साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल जातं. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात तेवढ्याने अंदाजे 40 चा आकडा येतो. म्हणजे एकाच मगात मर्यादा ओलांडली. आता रात्री आठ ते बारा या चार तासांत असे पाच मग झाले असं धरा. शरीर तासाला साधारण 15 उतरवतं. पिता पिता उतरलेलं वजा करूनही बारा वाजता आकडा 150 च्या आसपास राहतो. तिथून तासाला 15 प्रमाणे मोजत या: सकाळी आठला 30. अंघोळ झालीय, पोहे खाल्लेत, डोळे टवटवीत आहेत, आणि मशीन अजून मर्यादेवरच आहे.

आणि हे 5 टक्क्यांच्या बिअरचं गणित. फेस्टिव्हलमध्ये आयपीए (इंडिया पेल एल, कडू चवीची बिअर) असते, ती 6-7 टक्के सहज असते. सात टक्क्यांचे तेच पाच मग झाले तर तुम्ही रविवारी दुपारी एकनंतरच मर्यादेखाली येता. वजन कमी असेल, पोट रिकामं असेल, तर आकडा आणखी वर. बायकांच्या बाबतीत तेवढ्याच वजनाला आणि तेवढ्याच बिअरला आकडा पुरुषापेक्षा जास्त येतो. हा हिशोब माणसागणिक बदलतो, म्हणून तो 'आता चालवू का' हे ठरवायला वापरू नका. सकाळवर भरवसा का ठेवू नये, एवढंच त्यातून बघा.

लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी तरतरी येते, आकडा हलत नाही. वेलदोडा आणि बडीशेप वासाचं काम करतात. पोलिसांची नळी मात्र फुफ्फुसातली हवा मोजते, तोंडातला वास नाही. पहिल्यांदा सापडलात तर 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर 15,000 रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय प्यायलेल्या माणसाच्या हातात स्टीअरिंग असताना गाडी ठोकली की गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनी नाकारते. बंपर, हेडलाइट, रेडिएटर एवढंच गेलं तरी किती होतात ते गॅरेजवाल्याला विचारा आणि आमच्या दुसऱ्या दिवसाच्या दराशेजारी लिहून बघा.

म्हणून फेस्टिव्हलचं बुकिंग आम्ही जाऊन-येऊनच घेतो. एकेरी घेत नाही.

ड्रायव्हर झोपला कुठे?

ही चूक आमची होती, म्हणून आम्हीच सांगतो. सुरुवातीच्या काळात एका ग्रुपबरोबर आमचा एक ड्रायव्हर पाठवला. ग्रुपने हॉटेलात तीन खोल्या घेतल्या, ड्रायव्हरची सोय कोणी विचारली नाही, आम्हीही विचारली नाही. तो पार्किंगमध्ये सीट मागे टाकून पडला. काच बंद केली तर उकाडा, उघडली तर डास. पहाटे दोनला मंडळींना फेस्टिव्हलच्या पार्टीनंतरच्या पार्टीहून आणलं, साडेतीनला पुन्हा एकाला मोबाइल राहिला म्हणून सोडून आणलं. सकाळी नऊला परतीला निघाले. चंदनापुरी घाटाच्या उतारावर त्याचा डोळा लागला. गाडी कडेच्या लोखंडी पट्टीला घासत पंधरा-वीस फूट गेली आणि तो जागा झाला. कोणाला लागलं नाही. डावीकडची दोन्ही दारं पत्र्यापर्यंत खरवडली गेली. ते पैसे आम्ही भरले. त्या ड्रायव्हरने आमच्यासमोर आधी गाडीबद्दल माफी मागितली आणि मग म्हणाला, "साहेब, मला नुसती एक गादी पाहिजे होती."

न प्यायलेला पण न झोपलेला माणूस प्यायलेल्याइतकाच धोक्याचा असतो. तेव्हापासून आमचा नियम असा: ड्रायव्हरला पाठ टेकायला खोली, डॉर्मिटरीतली कॉट चालेल, पंखा हवा. रात्री शेवटची फेरी झाली की तिथून सलग सात तास त्याला कोणी फोन करायचा नाही. शेवटची फेरी पहाटे दोनला झाली तर गाडी नऊच्या आत निघणार नाही. मधल्या वेळात लागली तर रिक्षा-कॅब करा. हॉटेल बुक करतानाच विचारा, बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हर-रूम असते, फक्त मागावी लागते.

रस्ता

नाशिक ते पुणे साधारण 210 किलोमीटर. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण. बायपास झाल्यापासून राजगुरुनगरपर्यंतचा रस्ता बराच सुसह्य झालाय. खेड घाटात ट्रकच्या मागे तासभर घालवल्याच्या गोष्टी आता जुन्या. सगळा वेळ शेवटच्या चाळीस किलोमीटरमध्ये जातो. चाकणच्या चौकात कंपन्यांच्या बसेस, कंटेनर आणि आपण. म्हणून आम्ही सकाळी सहाला निघायचा आग्रह धरतो. आठला निघालात तर पाच तासांचे साडेसहा होतात, आणि ते वाढीव दीड तास सगळे चाकण ते भोसरीमध्ये.

फेस्टिव्हल खराडी-मुंढवा बाजूला असेल तर ड्रायव्हर कधी राजगुरुनगरहून पाबळ, शिक्रापूरमार्गे नगर रोडला काढेल. त्याला 'मॅप वेगळं दाखवतोय' म्हणून टोकू नका. दिवसा तो रस्ता बरा आहे. रात्री मात्र तो तिकडून नेणार नाही, तुम्ही सांगितलंत तरी.

खाण्याचं तुमचं तुम्ही बघा, मिसळीवरून आम्हाला वाद घालायचा नाही. एकच सुचवतो: फेस्टिव्हलच्या दारात शिरण्याआधी नीट जेवा, भात-भाकरी काहीतरी पोटात जाऊ द्या. भरल्या पोटी बिअर हळू चढते. आत गेल्यावर मोठ्या मगाऐवजी छोटे चाखायचे ग्लास मागा. सुरुवात हलक्यापासून करा. व्हीट बिअरला केळं-लवंगेचा वास येतो, तो यीस्टमुळे. त्यात केळं घातलेलं नसतं. मग पेल एल, मग कडू आयपीए, आणि शेवटी भाजलेल्या जवाची काळी स्टाउट. उलट गेलात तर आयपीएच्या कडूपणानंतर व्हीट बिअर पाण्यासारखी लागते. हे आम्हाला कसं माहीत असं विचाराल, तर चार तास गेटबाहेर थांबलेल्या ड्रायव्हरला परतीच्या वाटेवर सगळं ऐकावंच लागतं.

महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 पूर्ण लागतं. ग्रुपमध्ये कोणाचा धाकटा भाऊ येत असेल तर आधीच बघा. गेटवर आधार कार्ड मागतात, आणि त्याला आत घेत नाहीत म्हणून गाडीत ड्रायव्हरजवळ बसवून ठेवणं बरं दिसत नाही. त्या दोघांनाही.

गाडीत काय चालणार नाही

चालत्या गाडीत बाटली किंवा कॅन उघडायचा नाही. नाकाबंदीत काच खाली झाली की वास आधी ड्रायव्हरकडे बोट दाखवतो, आणि फुंकून दाखवून निर्दोष सुटायला त्याची वीस मिनिटं जातात. ताजी बिअर बरोबर आणायची असेल तर बर्फाची पेटी घ्या. ती पाश्चराइज केलेली नसते. तापलेल्या डिकीत सिन्नरपर्यंत तिची पार वाट लागते.

फेस्टिव्हलऐवजी दमणचा बेत असेल तर आधी आमच्याशी बोला. दमणला जाताना गुजरातमधून जावं लागतं आणि तिथे दारूबंदी आहे. येताना महाराष्ट्राच्या हद्दीत परवान्याशिवाय बाहेरची दारू आणणं हाही गुन्हा आहे. सापुताऱ्याला उतरून पुढे जाऊ, ही युक्तीही चालत नाही, कारण सापुतारा गुजरातमध्येच आहे. डिकीत बाटली असेल तर आमचा ड्रायव्हर हद्द ओलांडणार नाही. तो तिथेच उतरून एसटीने परत येईल आणि दोन्ही दिवसांचे पैसे लागतील.

कागद आणि पैसे

आरसी, विमा, पीयूसी चालू आहे का ते बघा. विम्याच्या कागदावर 'एलएल टू पेड ड्रायव्हर' अशी एक ओळ असते. नसेल तर एजंटला सांगून घालून घ्या, किरकोळ प्रीमियम पडतो. तुमच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर बसला आणि त्याला काही झालं, तर ती ओळ कामाला येते. फास्टॅगमध्ये बॅलन्स ठेवा. टायरची हवा आणि स्टेपनी आमचा ड्रायव्हर निघताना बघतो. स्टेपनी पंक्चर निघाली तर ते पंक्चर काढून झाल्यावरच गाडी निघेल.

दर मागच्या बाजूला छापलेत. दिवस म्हणजे बारा तास, त्यापुढे तासाप्रमाणे. रात्रीचा भत्ता वेगळा, जेवण त्यातच आलं, ग्रुपबरोबर जेवायला बोलावलंत तरी भत्ता कापायचा नाही. डिझेल, टोल, पार्किंग तुमचं. गाडीत कोणी उलटी केली तर सफाईचं आमचं काही नाही, गाडी तुमचीच आहे. पण ड्रायव्हरला धुवायला सांगू नका.

बुकिंग गुरुवारी संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर करा. एकाच मेसेजमध्ये पाठवा: गाडी कुठली, माणसं किती, नाशकातून उचलायचा पत्ता, फेस्टिव्हलची जागा, परतीची वेळ, आणि ड्रायव्हर रात्री झोपणार त्या खोलीचा पत्ता. हा शेवटचा पत्ता नसेल तर आमच्याकडून 'कन्फर्म' असा मेसेज येणार नाही.