गिझरच्या कॉइलवरचा क्षार आणि पुण्याखालचा काळा दगड

मागच्या महिन्यात आमचा गिझर बंद पडला. मिस्त्रीने कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर पांढऱ्या क्षाराचा जाडजूड थर. "बोअरचं पाणी आहे ना काका, दुसरं काय होणार," असं म्हणत त्याने पकडीने ठोकून पोपडे पाडले. त्यातला एक पोपडा मी ठेवून घेतला आणि संध्याकाळी त्यावर लिंबू पिळलं, तर बारीक बारीक बुडबुडे आले, आणि कान अगदी जवळ नेला तर फसफस ऐकूसुद्धा आली. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. तो गॅस कधीतरी हवेत होता, पाण्यासोबत जमिनीत मुरला, आणि आपल्या पायाखालच्या दगडाने त्याला पाण्यातच अडकवून ठेवलं होतं.

होतं असं की पावसाचा थेंब खाली येताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो, त्यामुळे अगदी स्वच्छ पावसाचं पाणीसुद्धा किंचित आंबट असतं, पीएच साधारण ५.६. जमिनीत शिरलं की ते आणखी आंबट होतं, कारण मुळं आणि जिवाणू सतत श्वास सोडत असतात आणि मातीतल्या हवेत हा गॅस वरच्या हवेपेक्षा दहापट, कधी शंभरपटही जास्त असतो. हे पाणी बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या फटीत उतरतं आणि हळूहळू त्याला खायला लागतं. दगडातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात निघून जातं, लोखंड गंजतं, उरलेल्याची चिकणमाती होते, आणि गॅसचं बायकार्बोनेट होतं. खायच्या सोड्यात असतं तेच बायकार्बोनेट, फक्त जोडीदार वेगळा.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जा आणि जिथे जमीन खणलेली किंवा कापलेली दिसेल तिथे थांबा. मुरमात गोल गोल धोंडे बसलेले दिसतात, कुणीतरी कांदे पुरून ठेवल्यासारखे. मुळात लाव्हा थंड होताना दगडाला भेगा पडून चौकोनी ठोकळे झालेले असतात, पण कोपऱ्यावर पाणी तीन बाजूंनी हल्ला करतं, कडेला दोन बाजूंनी आणि सपाट तोंडावर एकाच बाजूने, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि ठोकळ्याचा गोळा होतो. बाहेरचा पापुद्रा नखाने निघतो आणि बोटांत चोळला की पिवळट-तपकिरी भुगा होतो. आत मात्र निळसर काळा गाभा, त्याच्यावर दुसरा दगड आपटला तर खणखणीत वाजतो. एका वितीच्या अंतरात ताजा दगड आणि तयार मुरूम, मला हे दृश्य कितीही वेळा पाहिलं तरी पुरत नाही. विहीर खणणारे लोक वरून खाली माती, मुरूम, मग मांजऱ्या (बेसॉल्टचाच सच्छिद्र, मऊसर प्रकार) आणि काळा पाषाण असं सांगतात, त्यातले माती आणि मुरूम हे सगळं याच आंबट पाण्याचं काम.

आणि कात्रजच्या घाटात डोंगर कापलाय तिथे दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो ना, ज्याला आपल्याकडे गेरू म्हणतात, तो पुष्कळदा एका उद्रेकानंतर दुसरा लाव्हा यायच्या आधी उघड्यावर पडून गंजलेला पृष्ठभाग असतो. वरून आलेल्या गरम लाव्ह्याने तो झाकला आणि भाजलाही.

दगड एकच, पण पाऊस आणि काळ बदलला की निघणारा माल बदलतो. महाबळेश्वर-पाचगणीला इतकं पाणी इतक्या लाखो वर्षांत वाहून गेलं की कॅल्शियम, मॅग्नेशियम, बरीचशी सिलिकासुद्धा धुऊन गेली आणि मागे उरलं लोखंड आणि ॲल्युमिनियम, म्हणजे तांबडा जांभा. पाचगणीचं टेबललँड सपाट राहिलंय ते या जांभ्याच्या टोपीमुळे. तो उघड्यावर वाळला की आणखी घट्ट होतो, आणि कोकणातली घरं त्याच्याच चिऱ्यांची. उलट पुण्याच्या पूर्वेला पाऊस कमी, धुणं अर्धवट, त्यामुळे तिथे काळी माती होते, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे सापडतात, कारण सुटलेलं कॅल्शियम नदीपर्यंत पोचायच्या आधीच मातीत कार्बोनेट होऊन बसतं. या खड्यांवरही लिंबू पिळून बघा.

जे बायकार्बोनेट नदीपर्यंत पोचतं ते समुद्रात जातं. तिथे शिंपले, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे जीव त्याचं कवच करतात, ते तळाशी साचून चुनखडक होतो. गिझरमध्ये उष्णतेने जे झटपट होतं तेच समुद्रात जीव सावकाश करतात. दोन्हीकडे निम्मा गॅस सुटतो आणि निम्मा घन रूपात अडकतो, आणि समुद्रातला तो निम्मा लाखो-कोट्यवधी वर्षं बाहेर येत नाही.

इथे हवामानाचा संबंध येतो. १९८१ साली वॉकर, हेज आणि कास्टिंग या तीन शास्त्रज्ञांनी मांडलं की पृथ्वीचा थर्मोस्टॅट हाच आहे. ज्वालामुखींनी गॅस वाढवला की गरमी वाढते, पाऊस वाढतो, दगड जास्त वेगाने गंजतात आणि गॅस खाली येतो, थंडी पडली की हे सगळं मंदावतं. यात बेसॉल्टचा वाटा फार मोठा. जगाच्या जमिनीचा साधारण ५ टक्के भाग व्यापूनही सिलिकेट (सिलिका असलेले) दगड जेवढा गॅस खातात त्यातला जवळपास एक तृतीयांश एकटा बेसॉल्ट खातो, असा अंदाज आहे. आपला दख्खनचा दगड ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर आला तेव्हा त्यानेच भरमसाट कार्बन डायऑक्साइड सोडला होता. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, नंतर उत्तरेकडे सरकताना हा अख्खा लाव्ह्याचा प्रदेश ओल्या उष्ण पट्ट्यातून गेला. तिथे तो जोरात गंजला आणि पुढच्या काळात पृथ्वी थंड होण्याला त्याचा हातभार लागला, असं केंट आणि मुट्टोनी यांनी २००८ मध्ये मांडलं. ज्याने सोडलं त्यानेच परत घेतलं, हे वाचलं त्या दिवशी मी टेकडीवरच्या दगडाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं.

पण हा थर्मोस्टॅट आपल्या घाईचा नाही, तो लाखो वर्षांत काम करतो. आपण कोळसा-पेट्रोल जाळून वर्षाला ३५ अब्ज टनांपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि जगभरचे सगळे दगड मिळून खातात जेमतेम १ अब्ज टनाच्या आसपास. म्हणून आता लोक दगड बारीक दळून शेतात टाकतायत, कारण भुगा केला की पाण्याला खायला पृष्ठभाग कितीतरी पटींनी जास्त मिळतो. भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांसोबत हेच काम करणाऱ्या माटी कार्बन या संस्थेला २०२५ मध्ये एक्सप्राइझ या जागतिक स्पर्धेचं ५ कोटी डॉलर्सचं बक्षीस मिळालं. अडचणी आहेत, किती गॅस खरंच पकडला हे मोजणं अवघड, काही बेसॉल्टमध्ये निकेल आणि क्रोमियमही असतं आणि दळायला वीज लागते. तरी मला हे मनापासून पटतं, कारण क्रशरवर खडी फोडताना निघणारी दगडाची भुकटी आपल्याकडे पुण्याच्या आजूबाजूला ढिगांनी पडलेली असते, ती वेगळी दळायचीही फारशी गरज नाही.