‘यूपीआय चालतं’ म्हणजे नेमकं काय चालतं?

मावशी श्रीलंकेला फिरायला गेली होती. कोलंबोत एका दुकानातला क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, चहाची पाकिटं घेतली. घरी आल्यावर सिंगापूरच्या नातवाला वाढदिवसाचे पैसे पाठवायला बसली. त्याने त्याच्या पेनाऊच्या (सिंगापूरचं यूपीआयच म्हणा) क्यूआरचा फोटो पाठवला होता, पण अ‍ॅप तो ओळखेना. “अरे, परदेशात यूपीआय चालतं ना?” हे ‘चालतं’ क्रियापद मला आता ऐकवत नाही. घरच्या ग्रुपवर आलेला प्रत्येक फॉरवर्ड त्याच एका शब्दावर उभा असतो.

दुकानातलं स्कॅन सोपं आहे. २०२१मध्ये भूतान, फेब्रुवारी २०२४मध्ये श्रीलंका आणि मॉरिशस. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची आंतरराष्ट्रीय कंपनी तिथल्या पेमेंट नेटवर्कशी करार करते. आपल्या खात्यातून रुपये जातात, दुकानदाराला त्याचं चलन मिळतं. अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय पर्याय आधी चालू करावा लागतो, एवढंच.

सिंगापूरची गोष्ट निराळी. २१ फेब्रुवारी २०२३ला यूपीआय आणि तिथलं पेनाऊ जोडलं गेलं, ते रिझर्व्ह बँक आणि सिंगापूरच्या मध्यवर्ती बँकेने मिळून. दोन मध्यवर्ती बँका कशाला लागल्या? कारण समोर दुकान नाही, माणूस आहे. दुकानदाराची कागदपत्रं त्याच्याकडच्या बँकेने किंवा नेटवर्कने आधीच तपासलेली असतात, आणि पैशाच्या मागे चहाची पाकिटं असतात. माणसाने माणसाला पाठवलेल्या पैशामागे असं काहीच नसतं. म्हणून कोण, कोणाला, कशासाठी हे विचारावं लागतं, आणि तेही दोन्ही देशांना आपापल्या कायद्याने. आपल्याकडे इथे परकीय चलनाचा कायदा, फेमा, येतो आणि परदेशी पैसे पाठवण्यासाठीची उदारीकृत प्रेषण योजनाही, जिची मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. पेनाऊची वाट त्याहून अरुंद: दिवसाला ६०,००० रुपये, कारणं दोनच, नातेवाइकाचा चरितार्थ किंवा भेट. शिवाय तुमची बँक त्यात सामील हवी. लोक याला सरकारी खोडा म्हणतात. मला तो योग्यच वाटतो; चोरवाटेने पैसा बाहेर काढणाऱ्याला पटकन जाणारा, कारण न विचारणारा मार्गच हवा असतो.

दर आणि शुल्क बँकेगणिक बदलतं, त्याचा काथ्याकूट नको. पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचा रुपयांचा आकडा वाचा.

आणि हो, अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या मोबाईल नंबरावर एनआरई-एनआरओ (अनिवासी भारतीयांचं इथलं रुपयांतलं) खातं जोडून यूपीआय वापरणं यांपैकी काहीच नव्हे. तिथे पैसे रुपयांतून रुपयांतच जातात, सीमेपलीकडे असतं ते फक्त सिमकार्ड.

मावशीला शेवटी तिच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये तो पर्याय सापडला. नातवाचा मोबाईल नंबर टाकला, कारणापुढे ‘भेट’ निवडलं. पैसे लगेच गेले. तक्रार आता एकच: ‘वाढदिवसाची’ असं लिहायला तिथे जागाच नव्हती.