बर्फाखालचे भोवरे

मध्यंतरी आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो फिरत होता. ग्रीनलँडच्या पूर्वेकडच्या समुद्राचा, सॅटेलाइटने घेतलेला, काळ्या पाण्यावर पांढऱ्या बर्फाची वेटोळी, एकात एक गुंतलेली, आणि खाली मजकूर की उत्तर ध्रुवावर महाकाय भोवरा उघडलाय, प्रलयाचा संकेत आहे, अकरा जणांना पाठवा. शिकलेसवरलेले लोक खाली हात जोडत होते. फोटो खरा आहे आणि त्यातले भोवरेही खरे आहेत, पण ते तिथे कायमच होत आलेत, आणि ते का होतात हे इतकं सुंदर आहे की ते सोडून माणसं प्रलयाच्या मागे लागतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

भोवरा म्हटलं की डोळ्यासमोर जहाज गिळणारा खड्डा येतो. समुद्रातले हे भोवरे तसे नसतात. आर्क्टिकमधला भोवरा साधारण दहा-वीस किलोमीटर रुंद असतो, पाणी सेकंदाला काही सेंटिमीटर ते वीस-तीस सेंटिमीटर अशा वेगाने गोल फिरतं, म्हणजे तलावपाळीला फेऱ्या मारणारे आजोबा त्याला सहज मागे टाकतील. मधला खोलगट भाग किंवा उंचवटा काही सेंटिमीटरचाच. वरून जहाज गेलं तर कॅप्टनला कळणारही नाही.

दुसरा गैरसमज बेसिनचा. उत्तर गोलार्धात पाणी एका बाजूने फिरत जातं आणि दक्षिणेत दुसऱ्या, हे शाळेपासून ऐकत आलोय आपण. बेसिनच्या बाबतीत ते खरं नाही. ओहोटीच्या वेळी वाशीच्या खाडीपुलाखाली बघा, खांबांच्या मागे भोवरे सुटत असतात, एक डावीकडून, एक उजवीकडून, आलटून पालटून, दोन्ही दिशांनी फिरणारे. पृथ्वीच्या फिरण्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही, कारण ते मिनिटभरात विरून जातात आणि तेवढ्या वेळात पृथ्वी फिरतेय हे पाण्याला जाणवतच नाही. वाहत्या पाण्याला तसंच मोकळं सोडलं तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते वळत वळत एक पूर्ण फेरी मारतं, आणि त्या फेरीला आपल्या अक्षांशावर सुमारे ३७ तास लागतात. ध्रुवावर फक्त १२. म्हणजे वर जाऊ तसं हे वळण जास्त आवळतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य गोष्ट. १८९३ मध्ये नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने ‘फ्राम’ नावाचं जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून घेतलं आणि तीन वर्षं वाहू दिलं. त्याच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने जात नाही, वाऱ्याच्या उजवीकडे सरकत जातो. याचं गणित पुढे एकमन नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये मांडलं. वरचा थर वाऱ्याने ओढला जातो, तो वळतो, तो खालच्या थराला ओढतो, तो आणखी वळतो, आणि सगळे थर मिळून हिशेब केला तर उत्तर गोलार्धात पाणी वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे जातं.

हे घेऊन अलास्का आणि कॅनडाच्या उत्तरेला चला, ब्यूफोर्ट समुद्रात. तिथे वारा बहुतेक काळ घड्याळाच्या काट्यासारखा गोल वाहतो. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्याची उजवी बाजू म्हणजे आतली बाजू, तेव्हा पाणी मधे मधे ढकललं जातं. मॅकेन्झी, लेना, ओब, येनिसेई अशा अवाढव्य नद्यांचं गोडं पाणी तिथे येऊन साठतं, २०,००० घन किलोमीटरहून जास्त, आणि समुद्राच्या मधोमध पाण्याचा एक पसरट ढीग तयार होतो. ढीग मग खाली घसरून सपाट का होत नाही? घसरायला लागतो, पण उतरताना उजवीकडे वळतो, वळत वळत ढिगाभोवतीच फिरायला लागतो. उताराची ओढ एकीकडे, पृथ्वीच्या फिरण्याची ओढ दुसरीकडे, दोन्ही तुल्यबळ, आणि पाणी मधे अडकून चकरा मारतंय. मला हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा रात्रभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

पण वारा रोज आणखी पाणी ढकलतोच आहे, मग ढीग वाढतच का जात नाही? इथे भोवरे येतात. वर ढीग असतो तेव्हा खालचे थर वाकलेले असतात, हलकं गोडं पाणी मधे खोलवर दबलेलं आणि जड खारं पाणी कडेला वर आलेलं. (इतक्या थंड पाण्यात जड-हलकं हे तापमानापेक्षा मिठावर ठरतं, आणि म्हणूनच आर्क्टिकमध्ये अटलांटिकमधून आलेलं कोमट खारं पाणी दीडशे-दोनशे मीटर खाली दबून राहतं, वर थंड पाणी.) वाकलेल्या थरांमध्ये ऊर्जा साठलेली असते, एका मर्यादेनंतर प्रवाह नागमोडी व्हायला लागतो, नागमोडीचे फास तुटतात, आणि प्रत्येक तुटलेला फास एक भोवरा होऊन पोटातलं गोडं पाणी घेऊन बाहेर निघतो. वारा ढीग रचतो, भोवरे तो उपसतात.

भोवरा केवढा होणार हेही ठरलेलं असतं. थरांमधनं जी आतली लाट जाते ती, पृथ्वीचं वळण जाणवेपर्यंत, जेवढं अंतर कापेल त्यावर त्याचा आकार ठरतो. ध्रुवाजवळ वळण लवकर जाणवतं, ते १२ तास आठवा, तेव्हा लाट लांब जाऊच शकत नाही आणि भोवरा लहान होतो. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ पावसाळ्यात जो मोठा भोवरा होतो तो शेकडो किलोमीटरचा असतो, त्याच्यापुढे आर्क्टिकवाले पिटुकले. थर जितके ठळक तितकी लाट जोरात, तर गोडं पाणी वाढलं की हा आकारही थोडा बदलतो, आणि आकार बदलला की पाणी किती लांब पोचतं तेही बदलतं.

या सगळ्यावर बर्फाचा ब्रेक होता. जाड, सलग बर्फ एकतर वाऱ्याला पाण्यापर्यंत नीट पोचू देत नाही, आणि दुसरं म्हणजे खालून पाण्याला घासतो, त्यामुळे वरवरचे भोवरे लवकर मरतात. खोलवरचे मात्र टिकतात, १९७० च्या दशकात बर्फावर कॅम्प टाकून खाली यंत्रं सोडली तेव्हा शांत समजलेल्या पाण्यात ते सापडले. आता सॅटेलाइटच्या नोंदी सुरू झाल्या त्या १९७९ पासून सप्टेंबरचा बर्फ दर दहा वर्षांना साधारण १२ टक्क्यांनी कमी होतोय, २०१२ मध्ये तर ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत उतरला होता. उरलेला पातळ आणि तुटका, वाऱ्यासोबत सहज पळणारा. ब्रेक सुटत चाललाय.

ब्रेक सुटला तर होईल काय? ढवळणं वाढेल. सोसायटीत रंगकाम चालू असताना पेंटर पांढऱ्या रंगाच्या बादलीत स्टेनर ओततो ते बघितलंय? काठी फिरवली की लगेच रंग एकजीव होत नाही. आधी लांब लांब रेघा ओढल्या जातात, त्या दुमडतात, आणखी बारीक होतात, आणि रेघा केसासारख्या झाल्या की मग रंग झटकन मिसळून जातो. भोवरे काठीचं काम करतात. कोमट-थंड, खारं-गोडं पाणी ओढून ताणून त्याच्या पट्ट्या करतात, पट्ट्यांची हद्द वाढते, आणि उष्णता, मीठ, प्लवक, माशांची पिल्लं, प्लास्टिकचे कण, सगळं दूरवर जातं. फोटोतली ती पांढरी वेटोळी म्हणजे अशाच पट्ट्या, बर्फाच्या तुकड्यांमुळे आपल्याला दिसलेल्या.

दक्षिणेला खेळ वेगळा आहे. अंटार्क्टिकाभोवती प्रवाहाला अडवायला जमीनच नाही, त्यामुळे तिथला परिध्रुवीय प्रवाह जगातल्या सगळ्या नद्यांच्या शंभर पटीहून जास्त पाणी वाहून नेतो. गेल्या काही दशकांत तिथले पश्चिमी वारे जोरात झालेत, ओझोनचं छिद्र आणि हरितगृह वायू ही दोन्ही कारणं. प्रवाह मात्र त्या मानाने फारसा वाढलेला नाही, वाऱ्याची जास्तीची ऊर्जा मोठ्या प्रमाणात भोवऱ्यांत जाते. आणि हेच भोवरे कोमट पाणी किनाऱ्याकडे ढकलायला मदत करतात, थ्वेट्ससारख्या हिमनद्यांच्या तरंगत्या भागाखाली जे पाणी शिरतं ते. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळून पाण्याची पातळी वाढत नाही म्हटलं तरी चालेल, पण जमिनीवरचा घसरून आला की वाढते, आणि ऐरोली, वाशीच्या खाडीकाठी राहणाऱ्यांनी काळजी करायची ती याची.

२०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या पुसानच्या शास्त्रज्ञांच्या गटाने सुपरकॉम्प्युटरवर समुद्राचे बरेच बारीक चौकोन पाडून, हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट आणि चौपट केला तर काय होईल ते बघितलं. दोन्हीकडे ढवळणं वाढलं. आर्क्टिकमध्ये मुख्यतः बर्फ गेल्यामुळे, अंटार्क्टिकाकडे वितळलेल्या गोड्या पाण्याने किनारा आणि खुला समुद्र यांच्यातला घनतेचा फरक वाढल्यामुळे. नेहमीच्या हवामान मॉडेलमधला एक चौकोन शंभर किलोमीटरच्या आसपास असतो, त्यात दहा किलोमीटरचा भोवरा दिसणारच नाही, त्याचा परिणाम सूत्राने अंदाजे घालावा लागतो. म्हणून ‘अमुक साली अटलांटिकचा प्रवाह बंद, युरोपात हिमयुग’ अशी ठाम तारखेची हेडलाइन दिसली की मला राग येतो. धोका आहे, पण इतका महत्त्वाचा भाग अंदाजाने घातलेला असताना तारीख कोण छातीठोक सांगणार?

मोजायचं कामही सोपं नाही. समुद्राची उंची सेंटिमीटरमध्ये मोजणारे सॅटेलाइट १९९२ पासून नीट चालू आहेत, डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला स्वॉट तर लहान भोवरेही टिपतो, पण तो ७८ अंशांच्या वर जात नाही आणि सलग बर्फाखालचं पाणी त्याला दिसत नाही. तिथे यंत्र पाण्यातच सोडावं लागतं. आपल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या काँग्सफ्योर्ड या चिंचोळ्या खाडीत ‘इंडआर्क’ नावाची वेधशाळा पाण्याखाली नांगरली, गोव्यातल्या वास्कोची ध्रुवीय संशोधन संस्था त्यात आहे. त्या फ्योर्डच्या बाहेरून अटलांटिकचं कोमट पाणी उत्तरेला जातं, आणि त्यातलं थोडं आत शिरतं. तेव्हा तारेला लटकलेल्या सेन्सरवर तापमान आणि खारेपणाचे आकडे बदलतात, आणि हिवाळ्याच्या अंधारातही नोंद होत राहते.