क जीवनसत्त्व वेगळे, संत्र्यातील फ्लॅवोनॉइड वेगळे

क जीवनसत्त्व कमी पडले की हिरड्या सुजून रक्ताळतात, या रोगाला स्कर्व्ही म्हणतात आणि 1747 मध्ये ब्रिटिश नौदलातील वैद्य जेम्स लिंड यांनी आजारी खलाशांना संत्री-लिंबे देऊन गुण येतो हे दाखवले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्याच फळांतील हेस्पेरिडिन, नारिंजिन ही फ्लॅवोनॉइड (वनस्पतींत तयार होणारी संयुगे) म्हणजे क जीवनसत्त्वाचेच दुसरे रूप, असे जेव्हा पुन्हा पुन्हा छापले जाते, तेव्हा गप्प बसवत नाही.

हिरडी दाताला धरून राहते ती कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंमुळे. हे तंतू पक्के होण्यासाठी त्यांतील प्रोलिन आणि लायसिन या अमिनो आम्लांवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसावा लागतो, आणि तो बसवणारी विकरे क जीवनसत्त्वाशिवाय नीट चालत नाहीत. हेस्पेरिडिनवर शरीराचे असे कोणतेही काम अडून नाही. ते न मिळाल्याने होणारा रोगही ज्ञात नाही, म्हणूनच ते जीवनसत्त्व ठरत नाही. या घोळाचे मूळ मात्र प्रतिष्ठित आहे. क जीवनसत्त्व वेगळे काढणारे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनीच 1936 मध्ये लिंबातील फ्लॅवोनॉइडांना केशवाहिन्या बळकट करणारे ‘पी जीवनसत्त्व’ म्हटले होते. पुढे तो दावा टिकला नाही आणि नावही मागे पडले, पण जाहिरातींनी ते सोडलेले नाही.

संत्रे खाऊन हिरडीचे रक्त थांबले, तर श्रेय कोणाचे हे त्यावरून सांगता येत नाही, कारण फळात दोन्ही असतात. पेरू लिंबूवर्गीय नाही, तरी त्यात 100 ग्रॅमला सुमारे 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, संत्र्यात सुमारे 50; म्हणजे क जीवनसत्त्वासाठी लिंबूवर्गीय फळच लागते असे नाही. प्रयोगशाळेत फ्लॅवोनॉइड दाह कमी करताना दिसतात हे खरे. पण काचपात्रातील पेशी म्हणजे हिरडी नव्हे.

चवीचा फरक किरकोळ: नारिंजिन कडू, पपनसाचा कडवटपणा त्याचाच. हेस्पेरिडिन सालीत आणि फोडींवरील पांढऱ्या शिरांत अधिक असते, तेव्हा त्या सोलून टाकू नयेत, असे माझे मत.

हिरड्यांवर लिंबू चोळणे मात्र शुद्ध अविचार आहे. त्यातील आम्लाने दाताचे कवच झिजते, आणि रक्त येण्याचे नेहमीचे कारण, म्हणजे हिरडीच्या कडेला साचलेला जंतूंचा थर, ब्रशने आणि दंतवैद्याकडील सफाईनेच निघतो.