गाडी जवळ येताना भोंग्याचा सूर चढत नाही

नाशिकजवळच्या ओढा स्टेशनच्या फलाटावर उभं राहून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा ऐका. सूर कधी चढला? ‘जवळ येताना,’ असंच वाटेल. मलाही वाटायचं. एका लघुपटासाठी मी तसाच चढता सूर तयार केला, तर गाडी खेळण्यातली वाटायला लागली.

चढतो तो आवाज, सूर नव्हे. कान दोघांची गल्लत करतो. धावतं इंजिन स्वतःच्याच ध्वनिलहरींचा पाठलाग करतं, म्हणून पुढच्या लहरी दाटतात आणि मागच्या विरळ होतात. भोंगा 400 हर्ट्झचा, गाडी ताशी 90 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 25 मीटर, आणि ध्वनीचा वेग 343 मीटर धरला, तर येताना साधारण 431 हर्ट्झ ऐकू येतात, जाताना 373. पेटीवर बघायचं तर सूर शुद्ध मध्यमावरून निघून रिषभ आणि कोमल गंधाराच्या मध्ये कुठंतरी येऊन टेकतो. दूरवर असतानाच तो उंच असतो. तिथून फक्त उतरतो. रुळालगत उभे असाल तर क्षणात कोसळतो, शंभर मीटरवरच्या द्राक्षबागेत असाल तर काही सेकंद घसरत राहतो.

ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1842 मध्ये हे मांडलं ते ताऱ्यांच्या रंगांसाठी. आवाजावरची परीक्षा 1845 मध्ये हॉलंडमध्ये झाली, चक्क आगगाडीत तुतारीवादक बसवून!

स्टुडिओत सूर हाताने वाकवत बसू नका. आवाजाला डिले द्या, म्हणजे तो उशिरा ऐकू येऊ द्या, आणि हा उशीर गाडीच्या अंतराप्रमाणे बदलू द्या: 343 मीटरला एक सेकंद, 34 मीटरला सेकंदाचा दहावा भाग. गाडी जवळ येते तसा डिले आटतो, लहरी दाटतात आणि सूर आपोआप मूळ सुरापेक्षा उंच राहतो. लांब जाताना उलट. शिवाय अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरवा. भोंगा मात्र उभ्या गाडीचा रेकॉर्ड केलेला हवा. धावत्या गाडीच्या आवाजात हा डॉप्लर परिणाम आधीच मुरलेला असतो, आणि तो काढणं म्हणजे चहातून साखर काढणं.

मिरवणुकीतल्या नाशिक ढोलावर हे लावायच्या फंदात पडू नका. सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या पथकाचा येता-जाता फरक जेमतेम एका पट्टीचा दहावा हिस्सा भरतो. तिथं आवाजाची पातळी आणि गल्लीतल्या भिंतींचा घुमारा एवढंच सांभाळा.