मिटलेल्या डोळ्यांना दिसेल असा दिवा

कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा एक थेंब डोळ्यात उडाला की पापण्या गच्च मिटतात. आपण त्या मिटत नाही, त्या आपोआप मिटतात. जोर लावला तर क्षणभर किलकिल्या होतात आणि पुन्हा बंद. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असतं, समोरचं सगळं एकमेकांत मिसळून गेलेलं असतं. अशा अवस्थेत त्या माणसाला आयवॉश, म्हणजे डोळे धुण्यासाठी पाण्याची धार देणारं साधन, गाठायचं असतं, आणि तेही दहा सेकंदांत.

दहा सेकंदांचा हा हिशोब अमेरिकेच्या अ‍ॅन्सी झेड ३५८.१ या मानकातला आहे. अंतरात सांगायचं तर साधारण ५५ फूट, म्हणजे १७ मीटरच्या आत, त्याच मजल्यावर, वाटेत काहीही आडवं न येता. इतकी घाई कशासाठी? बहुतेक आम्लं डोळ्यातल्या प्रथिनांना गोठवतात आणि तो गोठलेला थर त्यांनाच थोडाफार अडवतो. कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीचं तसं नाही. ते पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा अक्षरशः साबण करतं आणि आत आत उतरत राहतं. म्हणून धुणं ताबडतोब सुरू व्हायला हवं आणि किमान १५ मिनिटं चालायला हवं.

आयवॉश बसवताना पाण्याकडे बारकाईने पाहिलं जातं. मिनिटाला दीड लिटर धार मिळते का, पाणी १६ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आहे का, व्हॉल्व्ह एका सेकंदात उघडून हात न लावता उघडा राहतो का, हे सगळं तपासलं जातं. आयवॉशची जागा दाखवणाऱ्या दिव्याचा विषय मात्र शेवटी येतो आणि ‘एक हिरवा इंडिकेटर लावून टाका’ एवढ्यावर संपतो. मला हे फार खटकतं. तो दिवा ज्याच्यासाठी लावायचा, त्याचे डोळे त्या वेळी धड नसतात. दिवा निवडायचा तर त्या डोळ्यांच्या बाजूने विचार करायला हवा.

हिरव्या रंगाबद्दल तक्रार नाही. आंतरराष्ट्रीय चिन्हांत हिरवा म्हणजे सुरक्षित जागा, बाहेरची वाट, प्रथमोपचार. आयएसओ ७०१० मध्ये आयवॉशचं ई०११ हे चिन्हही हिरव्यावर पांढरं असंच आहे. डोळ्याच्या रचनेलाही हा रंग मानवतो. भरपूर उजेडात आपली नजर ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळट हिरव्याला सर्वांत संवेदनशील असते. अंधार पडला की दृष्टिपटलावरच्या दंडपेशी काम हाती घेतात आणि हे शिखर ५०७ नॅनोमीटरकडे, निळसर हिरव्याकडे सरकतं. भर दुपारी झळाळणारी लाल फुलं पहाटे काळपट आणि पानं उजळ दिसतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी टिपलं होतं, ते याच सरकण्यामुळे. नेहमीचा हिरवा एलईडी ५२० ते ५३० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे दोन्ही शिखरांच्या मधोमध. वीज गेली आणि बॅटरीवर दिवा मंद जळत असला तरी हिरवा दिसत राहतो.

पण हे सगळं उघड्या डोळ्यांचं गणित झालं. उन्हात बसून डोळे मिटा आणि चेहरा उजेडाकडे करा. आतून जे दिसतं ते लालसर नारिंगी असतं. पापणीतलं रक्त निळा आणि हिरवा प्रकाश बराचसा शोषून घेतं, लाल मात्र झिरपू देतं. म्हणजे पापण्या मिटल्या की सगळ्यांत आधी आपला लाडका हिरवाच बाद होतो! मग लाल दिवा लावायचा का? नाही. लाल रंग आगीचा, धोक्याचा, थांबण्याचा. जिथे धावत जायचं तिथे तो लावला तर पाय अडखळतील.

यावरचा उपाय साधा आहे आणि म्हणूनच बहुधा सुटून जातो. हिरव्या पाटीच्या जोडीला आयवॉशच्या डोक्यावर पांढरा दिवा लावायचा, तोही पिवळसर छटेचा. पांढऱ्या प्रकाशात लाल भाग असतोच, आणि पिवळसर छटेच्या एलईडीत तो अधिक असतो. पापण्या मिटलेल्या असल्या तरी ‘त्या बाजूला उजेड आहे’ एवढं कळतं. डोळे किलकिले झाले की त्याच उजेडात आयवॉशचं भांडं आणि हँडल दिसतं.

दिव्याचा आकारही महत्त्वाचा. पॅनलवर असतो तसा मिरीएवढा प्रखर ठिपका इथे कुचकामी. रसायनाने कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, गढूळ झाला की त्यातून जाणारा प्रकाश विखुरतो, जसा ओरखडे पडलेल्या काचेतून विखुरतो. प्रखर ठिपक्याभोवती मग धुक्यासारखं वलय येतं आणि त्या झगझगाटात आजूबाजूचं काहीच दिसत नाही. शिवाय दुखावलेल्या डोळ्याला तीव्र उजेड सहन होत नाही, माणूस तोंड फिरवतो. म्हणून दुधी आवरणाचा, मोठ्या पृष्ठभागाचा, आतून उजळणारा दिवा किंवा पाटी घ्यावी. आतून उजळण्याचा आणखी एक फायदा असा की कमी दाबाच्या सोडियम दिव्यांच्या एकरंगी पिवळ्या उजेडात नुसत्या रंगवलेल्या पाटीचा हिरवा राखाडी पडतो. स्वतः प्रकाश देणारी पाटी आपला रंग सोडत नाही.

रंगांधळेपणाही विसरून चालणार नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. वाहतुकीच्या सिग्नलमधला हिरवा मुद्दाम निळसर ठेवतात तो यासाठीच. आयवॉशच्या दिव्यालाही ती छटा चालेल, पण खरी ओळख पटवावी ती आकाराने आणि चिन्हाने. यंत्रांच्या पॅनलवर आधीच डझनभर हिरवे ठिपके असतात, त्यांत आणखी एकाची भर घालून काय साधणार?

आता दुसरा दिवा. आतापर्यंत बोललो तो जखमी माणसासाठी, सतत आणि स्थिर जळणारा. दुसरा हवा इतरांसाठी, आयवॉश वापरात आहे हे ओरडून सांगणारा. एकाच दिव्याकडून ही दोन्ही कामं करून घेण्याचा मोह टाळावा. शोधणाऱ्याला दिवा आधीपासून दिसायला हवा, आणि मदतनीसाला तो बदललेला दिसायला हवा. दुसरा दिवा लुकलुकणारा असावा, कारण नजरेच्या कडेला हालचाल आणि लुकलुक चटकन जाणवते. सेकंदाला एक-दोन वेळा पुरे. तीनच्या वर गेलं की प्रकाशाच्या उघडझापीने अपस्माराचा झटका येऊ शकणाऱ्यांना धोका असतो. रंग आगीच्या अलार्मपेक्षा वेगळा हवा. मी पिवळा निवडेन. यंत्रांवरच्या दिव्यांच्या रंगांचे अर्थ ठरवणाऱ्या आयईसी ६००७३ या आंतरराष्ट्रीय मानकातही ‘काहीतरी बिघडलंय, लक्ष द्या’ यासाठी पिवळाच आहे. सोबत हूटर आणि कंट्रोल रूममध्ये त्याची जोड हवीच. आयवॉशवर वाकलेल्या माणसाला हाक मारणंही जमत नाही.

हा पिवळा दिवा कशावर पेटतो, हे विचारल्याशिवाय खरेदीच्या कागदावर सही करू नये. काही ठिकाणी हँडलला स्विच असतो. हँडल ढकललं की दिवा लागतो. पण मागचा मुख्य व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी कुणी बंद करून तसाच विसरला असेल, तर दिवा लुकलुकेल, हूटर वाजेल आणि पाण्याचा एक थेंब येणार नाही. पाइपमधला फ्लो स्विच खरं बोलतो, कारण पाणी वाहिलं तरच त्याचं पातं हलतं. त्यातही एक गोम आहे. शॉवर आणि आयवॉश एकत्र असलेल्या युनिटमध्ये शॉवरमधून मिनिटाला सुमारे ७६ लिटर पाणी येतं आणि आयवॉशमधून दीड लिटरही पुरेसं मानलं जातं. शॉवरच्या हिशोबाने बसवलेलं पातं आयवॉशच्या बारीक धारेने जागचं हलणारच नाही. डोळे धुणारा माणूस धूत राहील आणि बाहेर कुणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून फ्लो स्विच किती प्रवाहाला चालू होतो तो आकडा मागून घ्यावा आणि चाचणी फक्त आयवॉश उघडून करावी, शॉवर ओढून नव्हे.

बाकीच्या गोष्टी इलेक्ट्रिशियनला माहीत असतात. पाण्याजवळ २४ व्होल्ट डीसी बरं. आवरण किमान आयपी६५ असावं, त्यातला ६ धुळीसाठी आणि ५ पाण्याच्या फवाऱ्यासाठी. ज्वलनशील वाफा असतील तिथे स्फोटरोधक प्रमाणपत्राशिवाय दिवा लावायचाच नाही. बॅटरी बॅकअप तर हवाच. अंधारात चमकणारी स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची पाटी जोडीला छान, पण तिला आधी उजेड ‘प्यावा’ लागतो. कायम अंधाऱ्या कोपऱ्यात ती काय चमकणार?

जागा ठरवण्यासाठी मात्र कॅटलॉगचा उपयोग नाही. जुना सेफ्टी गॉगल घ्या, काचांवर आतून व्हॅसलिनचा पातळ थर द्या आणि तो घालून जिथे रसायन हाताळलं जातं तिथे उभे राहा. सोबत हात धरायला एक सहकारी असू द्या. दिवा तात्पुरता चिकटपट्टीने लावा. आधी दिवसा, मग रात्रपाळीत दिवे घालवून, पापण्या जेमतेम किलकिल्या ठेवून चालत जा. सहकाऱ्याने सेकंद मोजावेत. खांबाआड दिवा कुठे हरवतो, भांड्यावर वाकल्यावर तो थेट डोळ्यात येतो का, एखाद्या यंत्राचा हिरवा दिवा भलतीकडे खेचतो का, हे दोन फेऱ्यांत कळतं. बहुतेक वेळा दिवा हातभर वर किंवा बाजूला सरकवावा लागतो. भिंतीला ड्रिल मारायचं ते त्यानंतर.